आधी लघवीतले रक्त, मग सोने

सोन्याच्या नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी जाळून टाकल्या, अशी बातमी अधूनमधून छापून येते आणि तिच्यावर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते, औषध सापडले. चार-पाच वर्षांत ते आपल्याही दवाखान्यात येईल. उरलेल्यांना वाटते, ही श्रीमंतांची चैन. मालेगावात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याचा तिच्याशी काय संबंध? दोन्ही मते उथळ आहेत आणि गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. दोघेही धातूकडे बघतात. एकाला त्यात चमत्कार दिसतो, दुसऱ्याला भाव. हा कण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणासाठी वापरायचा, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

माझे म्हणणे असे आहे. मूत्राशयाचा कर्करोग हा सोन्याच्या कणांसाठी इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा सोयीचा आजार आहे. तरीही त्यांचा पहिला खरा उपयोग उपचारात होणार नाही, तपासणीत होईल. ती तपासणीही सरसकट सर्वांची करून चालणार नाही. ज्यांची गाठ एकदा काढलेली आहे, किंवा कामामुळे वा धूम्रपानामुळे ज्यांचा धोका वाढलेला आहे, त्यांच्यापुरती ती ठेवावी लागेल. आणि मालेगावसारख्या शहरात हे घडायचे तर आधी दोन साधी कामे व्हायला हवीत: लघवीतून रक्त गेले तर त्याची दखल घेतली जाणे आणि केसपेपरवर माणसाचा कामधंदा लिहिला जाणे. ही दोन कामे टाळून आणलेली सोन्याची चाचणी नुसती वाया जाणार नाही, ती अपाय करील.

१. मूत्राशयच का

रक्तात टोचलेल्या नॅनोकणांची अडचण आधी समजून घेऊ. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दशकभरातील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण, मध्यक काढला तर, अवघे ०.७ टक्के निघाले. बाकीचे बहुतांश यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण सुटत नाही. त्यामुळे उपचारासाठी वापरले जाणारे कण शरीरात दीर्घकाळ पडून राहू शकतात. सोने गंजत नाही, हा दागिन्याचा गुण इथे दोष ठरतो.

मूत्राशयाला हा सगळा वळसा टाळता येतो. तो पोकळ अवयव आहे. मूत्रमार्गातून नळी घालून औषध थेट आत सोडता येते, तासभर ठेवता येते आणि लघवीवाटे बाहेर काढता येते. त्याच वाटेने दुर्बीण जाते आणि दुर्बिणीबरोबर प्रकाशाचा तंतूही जाऊ शकतो. शिवाय गाठीने सोडलेली प्रथिने आणि सुटलेल्या पेशी रोज लघवीतून आपसूक बाहेर येतात. स्वादुपिंडाच्या किंवा मेंदूच्या रुग्णाकडून असा नमुना सुई न टोचता मिळत नाही. यात भर म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत निदानाच्या वेळी गाठ आतल्या अस्तरापुरतीच असते, स्नायूत शिरलेली नसते.

म्हणजे सगळेच सोपे आहे असे नाही. लघवीसारखा क्षार आणि विषे असलेला द्रव परत रक्तात झिरपू नये म्हणून निसर्गाने मूत्राशयाला आतून फार घट्ट अस्तर दिले आहे. सर्वांत वरच्या छत्रीसारख्या पेशी आणि त्यांच्यावरचा शर्करायुक्त थर कणांनाही अडवतो. त्यात दर मिनिटाला नवी लघवी उतरून औषध पातळ करत असते. जवळ पोचणे सोपे, आत शिरणे अवघड. उपचाराबद्दलच्या बातम्यांत यातला पहिला अर्धाच भाग छापला जातो.

२. कणाचे खरे कसब

१८५७ मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याचे लालभडक द्रावण तयार करून दाखवले आणि त्याचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो असे मांडले.

रंगाचे कारण पुढे स्पष्ट झाले. दहा-वीस नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोळीवर प्रकाश पडला की तिच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एकत्र हिंदकळतात आणि साधारण ५२० नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा, प्रकाश शोषतात. उरलेला लाल आपल्याला दिसतो. कण एकमेकांना चिकटून गुठळी झाली की तोच रंग निळसर होतो. कण काडीसारखा किंवा पातळ कवचासारखा केला की शोषण अवरक्ताकडे सरकते, आणि अवरक्त प्रकाश मांसातून थोडा खोल जाऊ शकतो.

याच गुणांतून दोन शाखा फुटतात. पहिली तपासणीची. गरोदरपणाची घरगुती चाचणी किंवा कोविडची अँटिजेन पट्टी अनेकांनी हाताळली आहे. तिच्यावर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या कणांचीच असते. कणावर प्रतिपिंड चिकटवलेले असते आणि शोधायचे प्रथिन सापडले की कण एका रेषेत अडकून साठतात. म्हणजे सोन्याची नॅनोचाचणी मालेगावच्या औषधाच्या दुकानात फार पूर्वीच पोचली आहे, चाळीस-पन्नास रुपयांत. ‘गरिबाला सोने कुठून परवडणार’ हा आक्षेप इथेच संपतो: एका पट्टीतले सोने मिलिग्रॅमभरही नसते. खर्च असतो तो प्रतिपिंडाचा आणि दर्जा राखण्याचा.

दुसरी शाखा उष्णतेची. गाठीत साठलेल्या काड्यांवर किंवा कवचांवर लेझर सोडला की ते तापतात आणि भोवतालच्या पेशी मरतात. ‘पेशी जाळल्या’ म्हणतात ते हेच.

३. उपचाराला कोणती फूटपट्टी लावायची

मूत्राशयात सोने सोडण्याची कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनमधील डॉक्टरांनी किरणोत्सारी सोन्याचे द्रावण रुग्णांच्या मूत्राशयात भरून गाठींवर उपचार केले होते. पुढे ती पद्धत मागे पडली. नव्या दाव्यांकडे बघताना हा इतिहास लक्षात ठेवलेला बरा.

महाराष्ट्रातले काम या क्षेत्रात कमी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण बनवले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ने ते प्रसिद्ध केले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात. पवईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील अभिजित डे यांच्या गटांनी स्निग्ध पदार्थांच्या फुग्यावर सोन्याचा मुलामा देऊन, उष्णतेने गाठ मारल्यावर तुकडे होऊन शरीराबाहेर जाऊ शकेल असा कण बनवला. २०१५ च्या ‘नॅनो लेटर्स’मध्ये त्याचे उंदरांवरचे निष्कर्ष आहेत. शरीरात सोने पडून राहण्याच्या अडचणीला दिलेले हे थेट उत्तर आहे, आणि माझ्या मते चमकदार बातम्यांपेक्षा फार मोलाचे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात मूत्राशयाच्या गाठींवर प्रतिपिंड लावलेल्या सोन्याच्या काड्यांचे प्रयोग झाले आहेत, तेही प्राण्यांवर.

माणसांवर काय झाले? सोन्याच्या कवचांनी प्रोस्टेटमधील गाठ तापवण्याच्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १६ रुग्णांपैकी १५ जणांत प्रक्रिया यशस्वीपणे पार पडली. आशादायक, पण १६ म्हणजे १६. त्याआधी ‘ऑरिम्यून’ या सोन्याच्या कणावर बसवलेल्या औषधाची पहिली मानवी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली होती. ते औषध नेहमीच्या वापरापर्यंत पोचले नाही. फॅरडेंच्या द्रावणाला दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी सोन्याच्या नॅनोकणाचे कर्करोगावरचे औषध म्हणून डॉक्टर रोज लिहून देतात असे काही आज नाही.

आता फूटपट्टी. अस्तरापुरत्या गाठीवरचा आजचा उपचार म्हणजे दुर्बिणीतून ती खरवडून काढणे आणि धोका जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडणे. होय, क्षयासाठी बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस. १९७६ मध्ये अल्व्हारो मोरालेस यांनी तिचा मूत्राशयातला उपयोग दाखवला. आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रा आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा. लस शरीराच्या प्रतिकारशक्तीला तिथे ओढून आणते. टोरांटोतील कारखान्यात २०१२ मध्ये पूर आला, नंतर तिथले उत्पादनच बंद झाले आणि श्रीमंत देशांतले रुग्ण या लसीसाठी तिष्ठत बसले. ती पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. नाशिक जिल्ह्यातल्या रुग्णाच्या दृष्टीने मूत्राशयाच्या कर्करोगावरचे सर्वांत मोलाचे औषध आपल्याच राज्यात बनते आहे.

सोन्याला जिंकायचे आहे ते या जोडीला. दुर्बीण आणि बीसीजीपेक्षा ते सरस आहे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘पेशी जाळल्या’ या वाक्याला अर्थ नाही. उष्णता फक्त प्रकाश पडेल तिथे काम करते. बीसीजीने जागी झालेली प्रतिकारशक्ती अस्तरभर फिरते. माझ्या मते सोन्याच्या उपचाराला खरी जागा आहे ती बीसीजी निकामी ठरलेल्या रुग्णांत. अशांची संख्या थोडी नाही, साधारण ३० ते ४० टक्के, आणि त्यांच्यापुढे बहुधा मूत्राशयच काढून टाकण्याचा पर्याय असतो. तिथे थोडाही फायदा मोठा ठरेल.

४. एकाच पट्टीचे तीन निकाल

तपासणीकडे वळलो की चित्र पालटते, कारण इथे अंदाज बांधण्याची गरज नाही, आकडे आहेत. गाठीतून लघवीत येणारे एनएमपी-२२ नावाचे प्रथिन ओळखणारी, सोन्याच्या कणांवर चालणारी पट्टी अमेरिकेत वापरात आली आणि तिच्या दोन मोठ्या परीक्षा झाल्या.

पहिली परीक्षा २००५ ची. लघवीत रक्त, जळजळ किंवा धूम्रपान अशी काही ना काही पार्श्वभूमी असलेले १३३१ लोक. त्यांतल्या ७९ जणांना कर्करोग निघाला आणि पट्टीने त्यांपैकी ४४ पकडले. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीतल्या पेशी बघण्याच्या जुन्या पद्धतीने ७६ पैकी फक्त १२ पकडले होते. म्हणजे पट्टी बरीच सरस. मात्र कर्करोग नसलेल्यांपैकी १४.३ टक्क्यांतही पट्टीने रेघ दाखवली. ती संख्या होते सुमारे १८०. हिशेब केला तर रेघ उमटलेल्या पाचांपैकी एकालाच कर्करोग होता.

दुसरी परीक्षा २००६ ची, आधीच उपचार झालेल्या ६६८ रुग्णांची. १०३ जणांत आजार परतला होता. एकट्या पट्टीने त्यांतले निम्मेच पकडले. एकट्या दुर्बिणीने ९४. दोन्ही मिळून १०२. दुर्बिणीच्या नजरेतून सुटलेल्या नऊपैकी आठ गाठी पट्टीने दाखवल्या. आणि रेघ उमटलेल्या पाचांपैकी साधारण दोघांत आजार खरा होता.

आता तिसरी परीक्षा कागदावर घेऊ. २०११ च्या जनगणनेत मालेगावची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. समजा, उत्साही पुढाऱ्याने शिबिर भरवून एक लाख प्रौढांना ही पट्टी वाटली आणि त्यांत दहा जणांना लपलेला कर्करोग आहे. पट्टी पाच-सहा जण पकडेल. उरलेल्या निरोगी ९९,९९० लोकांपैकी सुमारे १४,३०० जणांच्या पट्टीवर खोटी रेघ उमटेल. एका खऱ्या रुग्णामागे अडीच हजार खोटे इशारे! त्या प्रत्येकाला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवायचे? मालेगावहून धुळे पन्नास किलोमीटर, नाशिक शंभराच्या आसपास, मुंबई पावणेतीनशेच्या पुढे. रोजंदारी बुडणार, दुर्बिणीने एखाद्याला जंतुसंसर्ग होणार आणि घरोघरी ‘कॅन्सर’ या शब्दाने रात्री जागल्या जाणार. पट्टी तीच, सोने तेच. कोणाच्या हातात दिली यावर तिचा अर्थ बदलला.

‘ही जुनी पट्टी झाली, नव्या चाचण्या अधिक अचूक आहेत’, असे कोणी म्हणेल. आहेतही. २०१४ मध्ये इजिप्तच्या संशोधकांनी प्रतिपिंडाशिवाय चालणारी सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. मूत्राशयाच्या गाठी हायलुरोनिडेज नावाचे विकर सोडतात. धनभारित सोन्याच्या कणांत हायलुरोनिक आम्ल घातले की कणांच्या गुठळ्या होऊन द्रावण निळे पडते; लघवीतल्या विकराने ते आम्ल आधीच तोडले असेल तर द्रावण लालच राहते. डोळ्यांनी वाचता येणारी चाचणी. पण शिबिराचे गणित अशा सुधारणेनेही सुटत नाही. खोट्या रेघांचे प्रमाण पाच टक्क्यांवर आणले तरी एक लाखात पाच हजार निरोगी माणसे घाबरतील. आजार विरळ असतो तेव्हा चाचणीच्या अचूकतेपेक्षा माणसांची निवड महत्त्वाची ठरते. इथेच मालेगावचा प्रश्न सुरू होतो.

५. निवड करायची कशावरून

निवडीची पहिली खूण फुकट आहे: लघवीतून न दुखता गेलेले रक्त. ज्या प्रौढांना डोळ्यांनी दिसेल असे रक्त जाते, त्यांतल्या साधारण दहा ते वीस टक्क्यांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडतो, असा पाश्चात्त्य रुग्णालयांतील अनुभव आहे. म्हणजे २००५ च्या परीक्षेत रेघ उमटण्याला जेवढी किंमत होती, जवळपास तेवढीच या खुणेला आहे. आपल्याकडे ती वाया जाते. मार्च ते जून तापणाऱ्या, पाण्याची ओढ असलेल्या या पट्ट्यात लघवीची तक्रार म्हटली की ‘उन्हाळी लागली’ किंवा ‘खडा असेल’ हे उत्तर तयार असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. म्हणूनच ते फसवते. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते, माणूस पुन्हा मागावर उभा राहतो, आणि गाठ वाढत राहते. बाईच्या बाबतीत तर रक्ताला पाळीचे किंवा संसर्गाचे कारण जोडून विषय तिथेच संपतो.

दुसरी खूण बिडी-सिगारेटची. तंबाखूच्या धुरातली सुगंधी अमाइन रसायने लघवीतून बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तराला तासन् तास चिकटून असतात. या कर्करोगाचा जवळपास निम्मा भार धूम्रपानाच्या खात्यावर आहे.

तिसरी खूण कामाची, आणि तिच्यावर मला जास्त बोलायचे आहे. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांत मूत्राशयाची गाठ नोंदवली. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाच्या अभ्यासातली ही पायाभूत नोंद. पुढे बीटा-नॅप्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही रसायने दोषी ठरली. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९३ पासून बंदी आली आणि १९९७ मध्ये आणखी अ‍ॅझो रंग तिच्यात आले. पण या रसायनांशी संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत वीस, तीस, कधी त्याहून जास्त वर्षे जातात. बंदीच्या आधी ज्यांचे हात रंगाच्या हौदात होते, ते आज साठी-सत्तरीत, म्हणजे नेमके या कर्करोगाच्या वयात आहेत.

मालेगाव एकेकाळी रंगीत साड्या विणणारे गाव होते. आज इथले यंत्रमाग प्रामुख्याने ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड विणतात आणि ते रंगायला राजस्थानातल्या पाली-बालोत्र्याकडे जाते. यावरून कोणी म्हणेल, रंगारी आता बाहेर, धोका बाहेर. इतक्या घाईने हात झटकता येणार नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये वस्त्रोद्योगातील काम ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, ते मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगामुळे. रंगाऱ्यांबरोबर विणकरांचे नावही त्या निष्कर्षात आहे. त्यांच्या बाबतीत सूत-तंतूंच्या धुळीवर संशय आहे. ‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे, त्याला ‘निश्चित’ करण्याचा मला अधिकार नाही. मालेगावात हा आजार जास्त आहे, असा दावाही मी करणार नाही. अशा दाव्याला नोंद लागते. १९६० च्या दशकात मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, १९८७ मध्ये बार्शीसारख्या ग्रामीण भागात ती झाली. मालेगावची अशी स्वतंत्र नोंदवही नाही. त्यात बहुतेक माग छोट्या शेडमध्ये, कामगारसंख्येच्या अटीमुळे कारखाना कायद्याच्या बाहेर. कामगार आज या मालकाकडे, उद्या त्या. शेवटी तो नाशिकच्या किंवा परळच्या रुग्णालयात पोचतो तेव्हा केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘मजूर’ एवढेच उतरते. रंगकामात किती वर्षे, सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्यात) किती, मागावर किती, हे कोणी विचारत नाही, आणि तीस वर्षांचा पुरावा त्या एका शब्दात बुडतो.

साध्या नोंदीतून काय साधते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिस या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराचे रुग्ण असल्याचे १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी दाखवून दिले. या परजीवीमुळे लघवीतून रक्त जाते, आणि इजिप्तमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण होते. भारतातले तेवढेच एक ज्ञात केंद्र. ते सापडले लघवी तपासून आणि एका गावातली माणसे एकत्र मोजून. त्यासाठी कुठलेही नवे तंत्र लागले नव्हते. मालेगावात यापेक्षा अवघड काही मागितले जात नाही.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप परंपरेचा: सुवर्णभस्म आपल्याकडे होतेच, मग हे नवे काय? भस्माच्या काही नमुन्यांत नॅनो आकाराचे स्फटिक आढळले आहेत, हे खरे. पण इथे कणाचे काम ठरते ते त्याच्या नेमक्या आकारावर आणि पृष्ठभागावर काय बसवले आहे यावर. कमीजास्त आकाराचे, गुठळ्या झालेले कण पोटात घेतल्याने ते मूत्राशयाच्या अस्तरावर जाऊन बसत नाहीत. भस्माचा अभिमान ज्याला बाळगायचा त्याने बाळगावा; त्याच्या भरवशावर लघवीतले रक्त घरी बसून बघत राहू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नोंदी होईपर्यंत संशोधन थांबवायचे का? मुळीच नाही. पवई आणि खारघरची कामे चालूच राहिली पाहिजेत. माझा विरोध क्रम उलटा करण्याला आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे गाठ काढण्याचा खर्च आता अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आला आहे. तो खर्च नसतानाही रुग्ण उशिरा येत असेल, तर अडथळा पैशाच्या आधी कुठेतरी आहे, आणि नवी चाचणी त्या जागेला हात लावत नाही.

७. मग सोने कुठे

गाठ काढलेल्या, जास्त धोक्याच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी सांगतात. पाच वर्षांत चौदा वेळा. या कर्करोगाची परत येण्याची खोड जुनी आहे, म्हणून ही पाळत ठेवावीच लागते, आणि म्हणूनच रुग्णामागे हा सर्वांत खर्चिक कर्करोगांपैकी एक मानला जातो. मालेगावच्या कामगारासाठी चौदा फेऱ्या म्हणजे चौदा वेळा बुडालेली मजुरी आणि दर वेळी सोबतीला आलेल्या माणसाचीही. व्यवहारात काय होते? चौथ्या-पाचव्या फेरीनंतर माणूस येणे सोडतो.

सोन्याच्या पट्टीची पहिली जागा इथे आहे. २००६ ची परीक्षा सांगते की दुर्बिणीच्या जोडीला ती सुटलेल्या गाठी पकडते. पुढचा प्रश्न असा की दोन दुर्बिणींमधले अंतर वाढवून मधल्या महिन्यांत मालेगावच्या सामान्य रुग्णालयात किंवा वॉर्डातल्या दवाखान्यात पट्टी केली, तर किती फेऱ्या सुरक्षितपणे वाचतील? आज ती एकटी निम्म्या गाठी सोडते, म्हणून हा निर्णय तिच्यावर टाकता येत नाही. नव्या चाचण्यांनी सिद्ध करायचे ते हेच. दुसरी जागा, कामाचा इतिहास नोंदवून निवडलेल्या जुन्या रंगाऱ्यांची आणि दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांची.

ही परीक्षा अमेरिकेतल्या आकड्यांवर उरकता येणार नाही. खडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग या दोन्हींत एनएमपी-२२ ची पट्टी खोटी रेघ दाखवते, आणि हे दोन्ही आजार खानदेश-नाशिक पट्ट्यात घरोघरी आहेत. तिकडे कर्करोग नसलेल्या शंभर माणसांत तेरा-चौदा खोट्या रेघा उमटल्या. इकडे त्या किती उमटतील ते इथल्याच लघवीवर मोजावे लागेल. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय पन्नास किलोमीटरवर आहे. दुर्बिणीसाठी आलेल्या प्रत्येक रुग्णाचा लघवीचा नमुना आधी पट्टीवर, मग दुर्बीण, आणि सोबत तीन प्रश्न: काम कोणते व किती वर्षे, बिड्या किती, खडा कधी झाला होता का. दोन-तीन वर्षांत एवढ्या सामग्रीवर पवईच्या शास्त्रज्ञांना सांगता येईल की पुढचा कण कोणत्या प्रथिनासाठी बनवायचा आणि खड्याच्या रक्ताने फसणार नाही अशी चाचणी कशी हवी.